खडे, चरबी आणि सरपंचांची पंगत

उजव्या बरगडीखाली दुखतंय, कळ पाठीत जातेय आणि घरातले सगळे "गॅस झालाय, गॅस झालाय" म्हणत सोडा पाजतायत, अशा माणसासाठी हे लिहितोय. बाकीच्यांनी वाचलं तरी हरकत नाही, फक्त मला सल्ले पाठवू नयेत. सल्ले ऐकून माझे कान किटलेत.

मी प्राथमिक शाळेत शिक्षक होतो. कर्जतहून खोपोलीच्या रस्त्याला लागलं की खालापूर तालुक्याची हद्द येते, तिथल्या एका गावात जन्मलो आणि चार ठिकाणी बदल्या होऊन शेवटी त्याच गावच्या शाळेत आलो. घर बौद्धवाडीत. घरात आई, बायको सुमन, दोन मुलं आणि मी. माझं पित्ताशय पुढे ऑपरेशन करून काढलं. ते ऑपरेशन म्हणजे या सगळ्यातला सोपा भाग. तिथे मला भूल दिलेली होती आणि कोणी "खा, खा" करत नव्हतं. खरा छळ झाला तो त्याच्या आधी वर्षभर, जेव्हा मला नीट जेवून बरं व्हायचं होतं. आपल्याकडे माणसाला उपाशी राहू देतील, दारू पिऊ देतील, पण नीट जेवू देणार नाहीत.

बेंबी सरकली

आणीबाणी उठून एक-दोन वर्षं झाली असतील. नेरळला सासुरवाडीत मटणाचं जेवण झालं, तिथून घरी आलो आणि दिवेलागणीला पोटात जी कळ उठली, ती उठली. उभं राहवेना, बसवेना, आडवं पडवेना. घामाने सदरा भिजला. उलटी झाली तरी आराम नाही. आईने एका नजरेत निदान केलं, बेंबी सरकली म्हणाली. लगेच वाडीतल्या एका बाईला बोलावणं गेलं. तिने पोटाला खोबरेल लावून असं काही चोळलं की बेंबी सरकलेली नसती तर त्या दिवशी नक्की सरकली असती. दोन-तीन तासांनी कळ आपसूक थांबली आणि श्रेय त्या बाईला गेलं.

मग हे चालूच राहिलं. पंधरा दिवस काही नाही, आणि एखाद्या दिवशी जेवण झालं की पुन्हा तेच. कोणी ओवा दिला, कोणी हिंग. हेडमास्तर म्हणाले, गुरुजी, तुम्ही फार विचार करता म्हणून पोट दुखतं. मी त्यांना विचारलं, विचार केल्याने दुखायचं असतं तर डोकं दुखेल, बरगडी कशी दुखेल? त्यांनी ते मनाला लावून घेतलं आणि चार दिवस बोलले नाहीत.

शेवटी एकदा तिसरीच्या वर्गात पाढे घेताना कळ आली आणि मी खुर्ची सोडून खाली बसलो. पोरं आधी हसली आणि मग घाबरून रडायला लागली. विटा पोचवून परत चाललेला एक टेंपो रस्त्यावर थांबवला आणि मला मागे विटांच्या भुकटीत बसवून कर्जतला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी बरगडीखाली बोटं रुतवली आणि श्वास घ्या म्हणाले. मी घेतला आणि ओरडलो. त्यांनी चिठ्ठी लिहून मुंबईच्या सरकारी इस्पितळात पाठवलं.

चरबी कोणाला?

इस्पितळातली पहाट म्हणजे नर्सने काखेत थर्मामीटर खुपसायचा, मग चहा, मग झाडूवाल्याने खाटेखाली फडा घालून चपला दुसऱ्या टोकाला न्यायच्या. चपला शोधेपर्यंत मोठे डॉक्टर येत. त्यांच्या मागे शिकाऊ डॉक्टरांची झुंड. प्रत्येक जण बरगडीखाली बोटं घालून बघे आणि मी दर वेळी ओरडे. मोठे डॉक्टर खूश होऊन म्हणत, बघितलंत, कसं बरोबर दुखतं ते.

मग फोटो काढायचा ठरला. आदल्या दिवशी जेवणात तेलाचा थेंब नको म्हणून नुसता भात दिला, वर गोळ्या दिल्या. सकाळी उपाशीपोटी एक्सरे काढला. हे झाल्यावर नर्सने दोन उकडलेली अंडी आणि बोटभर जाडीचा मस्का लावलेला पाव आणून समोर ठेवला. मी म्हटलं, सिस्टर, चुकून दुसऱ्याचं आणलंत. ती म्हणाली, तुमचंच आहे, खा, चरबी पोटात गेली की पित्ताशय आवळतं का ते परत फोटो काढून बघायचंय. ज्या इस्पितळाने पुढे मला जन्मभर मस्का बंद केला, त्यानेच मला आयुष्यातला सगळ्यात जाड मस्का खायला घातला. खाल्ला, आणि अर्ध्या तासात कळ आली. फोटो मात्र चांगला आला म्हणे.

निकाल मोठ्या डॉक्टरांनी खाटेशी उभं राहून सांगितला. पित्ताशयात खडे आहेत. लिव्हर वाढलंय, त्यावर चरबी चढलीय. रक्तातलं कोलेस्टेरॉलही जास्त आहे. लिव्हर असं असताना ऑपरेशनची घाई नको, आधी सहा-आठ महिने खाणं सुधारा, वजन हळूहळू उतरवा, मग बघू.

खडे मी मान्य केले, पण चरबी ऐकून मला रागच आला. मी विचारलं, डॉक्टर, प्राथमिक शिक्षकाच्या पगारात चरबी कुठून चढणार? ते म्हणाले, तेच तुम्ही आठवून सांगा.

आठवलं तर काय, पहिला पगार झाला त्या दिवशी मी वनस्पती तुपाचा डबा घरी आणला होता. लहानपणी गरम भातावर तूप वितळताना आम्ही फक्त दुसऱ्यांच्या घरी बघितलेलं, तेही लांबून. तेव्हापासून माझ्या घरात रोज दोन वेळा भातावर तो पांढरा गोळा पडायचा. मासळी तळलेलीच, भाजीवर तेलाचा तवंग हवाच, शनिवारी कर्जतच्या स्टेशनावर बटाटेवडे, आणि प्रत्येक घरी दोन चमचे साखरेचा चहा. माझा बाप पोट खपाटीला जाऊन मेला आणि मला चरबी झाली. डॉक्टरांना मी एवढंच म्हटलं की तूप जरा जास्त होतं.

गावात बातमी माझ्या आधी पोचली. बघायला येणारा प्रत्येक जण दारातूनच विचारायचा, गुरुजी, तुमाला चरबी? आमच्या वाडीत आजवर क्षय झाला होता, कावीळ झाली होती, पण चरबी पहिल्यांदाच झाली होती. काही जणांना तर त्याचं कौतुकच वाटत होतं.

पथ्य नावाचा वैताग

भीतीचं खरं सांगतो. इस्पितळातून आल्यावर मी जवळजवळ खाणंच सोडलं. घास घेतला की बरगडीकडे लक्ष जायचं. वाटायचं, न खाल्लेलं बरं. दुपारपर्यंत काळा चहा, मग थोडा भात, की संपलं. तीन आठवड्यांत गालफडं बसली आणि मी स्वतःवर खूश होऊन कर्जतच्या डॉक्टरांकडे गेलो. ते इतके चिडले की बाहेर बसलेले पेशंट उठून बघायला लागले. त्यांनी सांगितलं, उपाशी राहिलात की पित्त साचून राहतं आणि खडे वाढतात. उपास करायचा नाही, ठासून जेवायचं नाही. वेळेवर, थोडं थोडं, कमी तेलातलं खायचं आणि रोज चालायचं.

ऐकायला किती सोपं. पण घरात एक चूल, एक बायको आणि पाच तोंडं. सुमन आधी माझी भाजी तेलाशिवाय शिजवायची, ती बाजूला काढायची आणि मग बाकीच्यांसाठी वरून फोडणी द्यायची. त्या फोडणीचा वास सगळ्या घरात पसरायचा आणि माझ्या ताटात उकडलेलं पडवळ. मी तोंड वाकडं करायचो. ती म्हणायची, मला हौस आलीय का दोनदोनदा चुलीपुढे बसायची? मग आम्ही दोघं भांडायचो आणि पडवळ गार व्हायचं. गार पडवळ तर त्याहून वाईट लागतं.

हळूहळू काही गोष्टी सापडल्या, त्या सांगून ठेवतो. सुका बोंबील तळण्याऐवजी निखाऱ्यावर भाजला आणि वर लिंबू पिळलं की तेलाची आठवण होत नाही. मुगाच्या डाळीला लसूण ठेचून नुसती उकळी दिली तरी चव येते. पावसाळ्यात ठाकूरवाडीच्या बाया टाकळा, कुरडू घेऊन येतात, त्या भाज्यांना मुळात तेल लागतच नाही. भात अर्धा करून नाचणीची भाकरी घेतली की पोट भरलेलं राहतं. ताक प्यावं, वरचं लोणी कोणाला तरी द्यावं. हे जमायला मला चार महिने लागले. जमलं तेव्हा सुमनने देवाला जोडतात तसे हात जोडले, मला नव्हे, त्या बोंबलाला.

भाताखाली

आणि हे सगळं रुळावर आलं असं वाटत असताना पुन्हा कळ आली. आधीच्यापेक्षा जोरात. कर्जतला दोन दिवस सलाईनवर काढले. सुमनला खात्री होती की मी स्टेशनावर वडे खाल्ले. मी मुलांची शपथ घेतली, तरी तिचा विश्वास बसेना. ती म्हणाली, मग चरबी काय हवेतून आली?

घरी आल्यावर आठवड्याने कळलं. मी जेवायला बसलो होतो. सुमन पाण्याला गेली होती, ताट आईने वाढलं होतं. भाताची मूद मोडली तर खाली वनस्पतीचा पांढरा गोळा, अर्धा वितळलेला. वर डाळ घातली की दिसायचा नाही. म्हणजे ज्या ज्या दिवशी आई ताट वाढायची, त्या त्या दिवशी मी तूप खात होतो आणि म्हणत होतो, आज डाळ बरी झालीय.

मी आईवर इतका ओरडलो की शेजारी आले. डॉक्टर ओरडतात, सुमन राबते, मी गवत खातो, आणि तू माझ्या मुळावर उठलीस, असं काय काय बोललो. आई चुलीजवळ बसून ऐकत होती. माझं संपल्यावर ती म्हणाली, "तुजा बाप सुका भात खात गेला रं. तुला बी सुका भात वाडायचा, मंग मी साळा कशापाय शिकवली?"

तिच्या हिशेबात तूप म्हणजे आपण जिंकल्याची खूण होती आणि डॉक्टर ती पुसायला निघाला होता. मी ताट सारून बाहेर गेलो. सुमनने त्या दिवसापासून तुपाचा डबा पेटीत घालून कुलूप लावलं आणि आईने सुमनशी बोलणं टाकलं. दोघींचे निरोप मी इकडून तिकडे पोचवू लागलो.

कर्जतच्या डॉक्टरांनी या वेळी आवाज चढवला नाही, त्यामुळे मी जास्त घाबरलो. ते म्हणाले, गुरुजी, आता आणखी एक कळ आली तर मला थांबता येणार नाही, तसंच्या तसं ऑपरेशनला पाठवावं लागेल, आणि तुमचं लिव्हर अजून त्या तयारीचं नाही. यातून तुम्ही उठाल अशी हमी मी देणार नाही. मुलांकडे बघा आणि तोंड सांभाळा.

आमंत्रण

तोंड सांभाळायचं ठरवलं आणि सरपंचांच्या मुलाचं लग्न निघालं.

इथे आमच्या गावची रीत सांगितली पाहिजे. मोठ्या घरचं लग्न असलं की गाव मांडवात पंगतीला बसायचं. बौद्धवाडीतली माणसं सगळ्यात शेवटी, मांडवाबाहेर, उकिरड्याच्या अंगाला. आम्ही छप्पन सालच्या धर्मांतरानंतर तिथे बसायचं सोडलं. मी शिक्षक म्हणून गावात आल्यावर त्यांची पंचाईत झाली. गुरुजींना बाहेर बसवता येत नाही आणि आत बसवायचं मन नाही. मग त्यांनी तोड काढली, माझ्या घरी शिधा यायचा. सुपात तांदूळ, डाळ, गूळ, वाटीत तूप. घरी करून खा. मी तो दर वेळी आल्या पावली परत पाठवायचो आणि आई दर वेळी तुपाच्या वाटीकडे बघत राहायची. आईने याच सरपंचांच्या खळ्यावर तरुणपणी पंचवीसेक वर्षं काम केलेलं होतं.

या खेपेला सरपंच स्वतः शाळेत आले. म्हणाले, गुरुजी, शिधा-बिधा काय नाय, तुमी वाडीतली चार माणसं घेऊन पंगतीला बसायचं, पहिल्या पंगतीला. ग्रामपंचायतीची निवडणूक तोंडावर होती हे मला कळत होतं. त्यांनाही माहीत होतं की मला कळतंय. पण आमंत्रण ते आमंत्रण.

मला हसावं की रडावं कळेना. पंधरा वर्षं ज्या पंगतीसाठी मी भांडलो, ती मिळाली ती पुरी, बुंदी आणि तुपासकट, आणि मला तुपाचा थेंब चालत नव्हता. मी वाडीत म्हटलं, तुम्ही जा, मला पथ्य आहे. वाडीतले तरुण माझ्यावर उखडले. त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. नाव माझं घेऊन बोलावलंय. मी गेलो नाही तर म्हणतील, गुरुजीच आले नाहीत, तुम्ही आपले मागून बसा. आणि पुढच्या लग्नाला पुन्हा शिध्याचं सूप येईल. सुमन म्हणाली, जा, पण काही खाऊ नका. पंगतीत बसून न खाणं म्हणजे यजमानाचा अपमान, हे तिलाही माहीत होतं.

पंगत

आम्ही पाच जण बसलो. माझ्या एका बाजूला वाडीतलाच एक जण, दुसऱ्या बाजूला गावातले एक म्हातारे गृहस्थ. ते आधी दोन वेळा उठले आणि दोन्ही वेळा सरपंचांनी खांदा दाबून त्यांना बसवलं. पत्रावळीवर सगळं आलं. वांग्या-बटाट्याचा रस्सा, त्यावर बोटभर तेल. पुऱ्या. बुंदी. भाताच्या मुदीवर फोडणीचं वरण ओतलंच त्यांनी, मी हात आडवा घालेपर्यंत. आणि मग सरपंचांचे धाकटे भाऊ तुपाची लोटी घेऊन रांगेतून यायला लागले.

मी दोन्ही हात पत्रावळीवर धरले. नको म्हटलं. ते हसून म्हणाले, असं कसं, लाजायचं नाय. मी परत नको म्हटलं. त्यांनी लोटी तिरकी केली, मी हात काढले नाहीत आणि तूप माझ्या मनगटावर सांडलं. शेजारपाजारचे जेवायचे थांबले. बघतात तर मी काहीच खाल्लेलं नाही, घास मोडलेला नाही. पलीकडून कोणीतरी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालं, "आता त्यास्नीच आपलं चालत नाय."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पिढ्यान् पिढ्या आमच्या हातचं पाणी ज्यांना चाललं नाही, ते मलाच विचारत होते की तुला आमचं का चालत नाही. माझ्याबरोबरच्या चौघांनीही हात थांबवले. आता मी उठलो तर पाचही जण उठणार आणि पुन्हा कोणी या पंगतीला बसणार नाही. खाल्लं तर उद्या इस्पितळ. एका क्षणी मी पुरी हातात घेतलीसुद्धा. म्हटलं, जाऊ दे, मरायचं तर पोट भरून मरू. मग मुलांची तोंडं डोळ्यांपुढे आली, पुरी खाली ठेवली आणि मी ओरडून म्हटलं, "अहो, माझ्या पित्ताशयात खडे आहेत. लिव्हरवर चरबी आहे. तूप खाल्लं तर मी मरेन."

पंगतीत असं कोणी बोलत नाही. तेवढ्यात घराच्या दारातून आवाज आला, "कुनाला खडं हायत? मास्तरला?"

सरपंचांची म्हातारी आई उंबऱ्यात बसली होती. ती धरून धरून उठली आणि रांगेतून वाट काढत माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मला म्हणाली, कवापासनं? मी सांगितलं. ती म्हणाली, पाठीत जाती का कळ? मी म्हटलं, जाते. खांद्यात? खांद्यातही. तिने मोठ्ठा सुस्कारा सोडला. तिलाही खडे होते. कर्जतचेच डॉक्टर. सगळं बंद केलं होतं, आणि वर बीपी म्हणून मीठ पण बंद. भरल्या मांडवात, लग्नाच्या पंगतीत, आम्ही दोघं कळ कधी येते, कुठे जाते, उलटी होते का, याच्या गोष्टी करत होतो आणि तुपाची लोटी घेऊन तिचा धाकटा मुलगा मधे उभा होता. शेवटी तिनेच त्याला हाकललं.

मग ती वळून सुनेला म्हणाली, "माज्यातलं आन. चुलीवरलं."

सून जागची हलली नाही. माझ्या शेजारचे म्हातारे गृहस्थ परत उठले. सरपंच काही बोलायला पुढे आले, पण म्हातारीने त्यांच्याकडे पाहिलं नाही. ती म्हणाली, आनती का मी जाऊ? सून आत गेली आणि एक लहान पातेलं घेऊन आली. त्यात म्हातारीसाठी शिजवलेला मऊ भात होता आणि मुगाचं पातळ वरण. म्हातारीने स्वतः, आपल्या हाताने, माझ्यापुढे दुसरी पत्रावळ टाकून ते वाढलं आणि उरलेलं त्याच पातेल्यात स्वतःसाठी झाकून ठेवलं.

भात गिचका झाला होता. मीठ अजिबात नव्हतं. मी सगळा खाल्ला आणि आणखी मागितला. माझ्याबरोबरच्या चौघांनी पुऱ्या मोडल्या. ते गृहस्थ काही परत आले नाहीत, आणि निवडणूक झाल्यावर सरपंचांचा उत्साहही ओसरला, हे खोटं कशाला सांगू. पण वाडीतली माणसं त्यानंतर त्या मांडवात बसली ती बसलीच. म्हातारी पुढे जगली तोवर रस्त्याने जाताना मला हाक मारून आत बोलवायची आणि डॉक्टर या खेपेला काय म्हणाले ते विचारायची. तिचं निम्मं पथ्य मी सांगितलेलं होतं. भाजलेला बोंबील तिला आवडला.

संध्याकाळ

त्या दिवशी घरी आलो तर सुमन दारातच उभी. काय खाल्लंत, आधी ते सांगा. मी सगळं सांगितलं. मऊ भात होता, मुगाचं वरण होतं, बरं लागलं, असं म्हटलं. झालं. वर्षभर मी तेच रांधते तर नावं ठेवता आणि त्यांच्या घरचं बिनमिठाचं बरं लागलं, म्हणून ती जी सुरू झाली ती थांबेना. मीही आवाज चढवला. बाकी मला कळ येते की नाही या धास्तीने दोघांचाही जीव टांगणीला लागला होता, म्हणूनच आम्ही भांडत होतो. कळ आली नाही.

आई एवढा वेळ भिंतीला टेकून बसली होती. तिने मधेच विचारलं, "पत्रावळ कुनी उचलली?"

आमचं भांडण तिथेच राहिलं. सरपंचांच्या अंगणात आमची माणसं जेवली की आपली पत्रावळ आपण उचलायची आणि जेवलेली जागा शेणाने सारवून निघायचं, अशी रीत होती. आईने ती किती वेळा उचलली असेल ते तिलाच ठाऊक.

मी म्हटलं, उठताना माझा हात आपोआप पत्रावळीकडे गेला, तर म्हातारीने हातावर चापट मारली. म्हणाली, ऱ्हाऊ दे, जेवनाऱ्या मानसानं उचलायची नसती. आणि तिनेच उचलली.

"तिनं सोता?"

"हो."

आई भिंत सोडून पुढे सरकली. मग म्हणाली, "तिची कंबर धरलेली हाय रं. वाकवत नाय तिला."

"माहितेय. सुनेचा हात धरून वाकली."

"पर वाकली?"

"वाकली, आई."

आई रडायला लागली. सुमन उठून तिच्याजवळ जाऊन बसली आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.